पाठीवरचा कान

माझी मुलगी दीड वर्षाची असताना एकदा खाट आणि पाण्याचं पिंप यांच्यामधल्या फटीत अडकली आणि रडायला लागली, आणि इतकी रडली की आमच्या मरोळच्या चाळीतल्या आजूबाजूच्या सगळ्या बायका धावत आल्या, आणि मी त्याच खोलीत होते, तिच्याकडे पाठ करून बोंबील साफ करत बसले होते. वळून बघते तर दारात पाच-सहा जणी, सगळ्यांची तोंडं हलतायत. मला वाटलं बोंबलाच्या वासाने आल्या. मी म्हटलं, या ना, बसा. तर बाजूच्या खोलीतल्या वहिनींनी मला बाजूला ढकललं आणि खाट ओढली आणि मुलीला काढलं, तेव्हा मला कळलं. पोरीचं तोंड लालबुंद झालेलं.

मला ऐकायला कमी यायचं. लहानपणापासूनच थोडं कमी होतं, शाळा सातवीत सुटली ती पण त्याच्यामुळेच, आमच्या बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या. लग्न होऊन कोकणातून मुंबईला आले ती अर्धी बहिरीच आले, पण कोणाला सांगायची हिंमत नव्हती. ओठ बघायचे आणि भागवायचे, आणि जे कळलं नाही त्याला हसायचे. सासू म्हणायची, सून गुणाची आहे, उलट बोलत नाही. मग बाळंतपण झालं आणि उरलेलं पण गेलं, आणि हसून भागायचं बंद झालं.

त्या दिवशी सासू बाजारातून आली आणि वहिनींनी तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा सासूने त्याला सांगितलं, आणि त्याने माझ्यासमोर बसून हळूहळू ओठ हलवून मला सांगितलं, म्हणजे एकदा सासूच्या ओठांवर आणि एकदा त्याच्या, मला दोनदा ऐकावं लागलं म्हणायचं.

"आई म्हणते, मी गणपतीक गावाक जातलंय तेव्हा चेडवाक घेवन जातलंय. हिका आयकाक येणा नाय, हय ऱ्हवला तर एक दिवस मरात."

मी म्हटलं, "मुलीला परत कधी आणणार?"

तो वर पंख्याकडे बघायला लागला.

गावाला गेलेलं पोर परत कधी येतं. माझ्या मोठ्या नणंदेचा मुलगा असाच गावाला बापाच्या आईकडे राहायला म्हणून गेला, तो आता तिकडे शाळेत जातो आणि आईला मावशी म्हणतो. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि गणपती काय लांब नव्हते, श्रावण लागला होता.

नवरा मरोळच्याच एका कारखान्यात लेथवर होता. त्याने अर्धा दिवस सुट्टी काढली, आम्ही डॉक्टरकडे गेलो, डॉक्टर म्हणाले कानाला मशीन लावा, आणि घाटकोपरला स्टेशनच्या बाजूला साडीच्या दुकानावर एकाचं कानाच्या मशीनचं दुकान होतं तिकडे पाठवलं. सासू पण आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, मशीन लावून हिका आयकाक येता की नाय ता मी माझ्या डोळ्यांनी बघतलंय.

दुकानवाल्याने मला एका खोलीत बसवलं. खोली कसली, कपाटच, आतून गादी ठोकल्यासारखी, समोर काच, आणि काचेच्या पलीकडे तो त्याची बटणं घेऊन बसलेला. माझ्या कानांवर दोन मोठ्या वाट्या लावल्या आणि सांगितलं, ताई, आवाज आला की बोट वर करा, कितीही बारीक आला तरी करा. आता तो हे तपासायला करत होता, पण माझ्या डोक्यात काय बसलं की ही परीक्षा आहे. नापास झाले तर मुलगी गेली. काचेपलीकडे सासू बसलेली, मांडीवर मुलगी, आणि दोघी माझ्याकडे टक लावून बघतायत.

मला काय आवाज येणार. पण तो बटण दाबायचा तेव्हा त्याचा उजवा खांदा जरासा वर जायचा. मी खांद्यावर नजर ठेवली. खांदा वर, बोट वर. खांदा वर, बोट वर. माणूस आधी खुश झाला, मग गप झाला, मग त्याने मशीनला एक टपली मारली. मग वायर काढून परत लावली. मग माझ्या कानावरच्या वाट्या काढून स्वतःच्या कानाला लावून बघितल्या. मग बाहेर जाऊन तो सासूशी काहीतरी बोलला, आणि सासू उभीच राहिली. नंतर नवऱ्याने मला सांगितलं ते असं.

तो म्हणाला, "मावशी, ह्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मशीन कशाला पाहिजे?"

सासू म्हणाली, "मगे तीन वर्षां माझा कित्याक आयकणा नाय ही?"

म्हणजे मी पास झाले ती अशी पास झाले की बहिरी होते ती उद्धट ठरले. नवऱ्याने बिचाऱ्याने सांगितलं, अहो तिला खरंच ऐकू येत नाही, ती बघून करते. मग त्या माणसाने माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. भिंतीला काय खांदा नसतो. मी बसून राहिले, बसून राहिले, बोट मांडीवर, डोळ्यातून पाणी, शेवटी शेवटी एक दोनदा काहीतरी घुमल्यासारखं वाटलं तेव्हा बोट वर केलं. बाहेर येऊन सगळ्यांना खांद्याचं सांगितलं, तर तो हसत होता. म्हणाला, ताई, आता बरोबर नापास झालात.

मग कानाचं माप घेतलं. कानात दोरा बांधलेला कापूस घातला आणि गुलाबी रंगाचं पीठ मळून पिचकारीने कानात भरलं. थंडगार. म्हणाला, सुकेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, जबडा हलवायचा नाही. मी दगडासारखी बसले. तर सासूने त्या वाटीतलं उरलेलं पीठ बोटावर घेतलं, वास घेतला, आणि माझ्या तोंडासमोर बोट धरून मोठ्याने ओठ हलवले, "ह्या तर पुराण." पुरण म्हणायचं होतं तिला. मला हसू फुटलं, माप बिघडलं, परत कापूस, परत पीठ. दुसऱ्या वेळी त्याने सासूला बाहेर बसवलं.

पुढच्या आठवड्यात मशीन मिळालं. काडेपेटीपेक्षा मोठी अशी एक डबी, आत पेन्सिल सेल, वर आवाज कमी-जास्त करायचं चाक, आणि डबीतून एक वायर वर कानापर्यंत, कानात तो गुलाबी साचा. डबीच ऐकते आणि कानाला पोचवते. दुकानवाल्याने डबी आपल्या हातात धरली आणि म्हणाला, "ताई, जेवलात का?"

एवढं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं. जेवलात का. मी म्हटलं, हो, भात आणि माशाचं तिखलं. आणि रडायला लागले.

मग डबी मी ब्लाऊजमध्ये ठेवली. शिंप्याकडून आधीच आतून खिसा शिवून घेतला होता, पुढे छातीशी, म्हणजे कोणाला दिसायला नको. आणि खाली रस्त्यावर आलो आणि एकदम सुरू झालं, खर्र खर्र खर्र. कोणीतरी पत्र्यावरून टिनाचा डबा ओढतंय असं. मी थांबले की थांबायचं, चालले की परत. मला वाटलं घाटकोपर आहे, रिक्षा आहेत, बस आहेत, असेल. बसमध्ये बसले तरी खर्र. साकीनाक्याला खर्र, मरोळ नाक्याला खर्र, घरात भाकरी थापायला बसले तर जास्तच खर्र.

आता इथे माझी काय गंमत झाली ते सांगते. मुंबई मी चांगल्या कानाने कधी ऐकलीच नव्हती. आले ती बहिरी आले. आमच्या आजूबाजूला सगळे कारखाने, नवरा म्हणायचा कामावर कान फाटतात. तर मला वाटलं, हीच ती मुंबई. हा आवाज इथे दिवसरात्र असतोच, आणि बाकीची माणसं तो ऐकत ऐकतच भाजी घेतात, पोरं वाढवतात, झोपतात. मला सगळ्यांची दया यायला लागली. बाजूच्या वहिनी बिचाऱ्या इतक्या आवाजात पापड लाटतात.

एकदा मी नवऱ्याला विचारलं, "अहो, तुमचं डोकं दुखत नाही का ह्या आवाजाने?"

"कुठल्या?"

"हाच. खर्र खर्र."

तो म्हणाला, "सवय झाली गं." तो लेथबद्दल बोलत होता. मी म्हटलं, मला पण होईल.

पण त्या खरखरीत बाकी काही ऐकू यायचं नाही. मग मी चाक फिरवून आवाज कमी करायचे, तर मुलगी पण कमी व्हायची. सासू दाराआडून "गो" करून हाक मारायची, बघायला. मी वळायचे नाही. तिने फळीवरून तिची गावची पिशवी काढून झटकून ठेवली. एक दिवस बघितलं तर पिशवीत खाली मुलीचे दोन फ्रॉक. मी चाक जरा वाढवलं, आणि मशीन शिट्टी मारायला लागलं.

ती शिट्टी म्हणजे वेगळीच भानगड. साचा कानात नीट बसला नाही, किंवा मी मुलीला छातीशी घेतली की मशीन कुईंऽऽ करून शिट्टी मारायचं, आणि ती मला सोडून सगळ्या चाळीला ऐकू यायची. वहिनी एकदा कुकरमधलं पातेलं घेऊन आल्या. पातेल्यात डाळ, वर पाणी, खाली दाणे टणक.

"तुझी शिट्टी का माझी शिट्टी ते आधी ठरव बाई," म्हणाल्या. "मी तीन मोजून गॅस बंद केला. त्यातल्या दोन तुझ्या छातीतल्या."

आणि दुसरी गोष्ट अशी की डबी छातीशी आहे हे चाळीला कळलं, तेव्हापासून जो तो वाकून माझ्या छातीशी बोलायला लागला. वहिनी वाकायच्या, पोरं वाकायची. दूधवाला भैया वाकायला लागला तेव्हा सासूने त्याच्या पाठीत झाडूचा दांडा घातला. म्हणाली, दूध घाल आणि सरळ उभो ऱ्हव.

मग ती दुपार आली. मी डोक्यावरून आंघोळ करायला गेले होते आणि मशीन काढून खाटेवर ठेवलं होतं. मोरीतून बाहेर आले तर सासू खाटेवर बसलेली, डबी तिच्या छातीशी पदरात खोवलेली, कानात माझा साचा, तो तिला बसत नव्हता म्हणून एका बोटाने दाबून धरलेला, आणि तोंडावर असं हसू की मी लग्नानंतर तिचं तसं हसू बघितलं नव्हतं. तिने मला हाताने गप बस म्हणून खूण केली. दाराकडे कान लावून बसली होती. पलीकडे दोन बायका नळावर बोलत होत्या म्हणे, आणि तिला एकेक शब्द येत होता. आता कळलं की म्हातारीला पण थोडं कमीच यायचं. तिने पण कोणाला सांगितलं नव्हतं.

मी थांबले, थांबले, मग हात पुढे केला. ती देईना. मग दिलं. मी साचा कानात घातला, डबी खिशात ठेवली आणि वाकून मुलीला उचलायला गेले, खर्र.

मी विचारलं, "आई, तुम्हाला ही खरखर कशी सहन होते?"

ती म्हणाली, "खयची खरखर?"

"ही. मशीनमधली."

"माका तर कायच खरखर इली नाय. त्या नळावरच्या बायेन सवतीक शिव्या घातल्यान, ता सुद्धा आयकलंय मी."

मी मशीन काढून तिला दिलं. तिने घातलं, उठली, खोलीत फिरली, वाकली, उभी राहिली. "नाय." मी घातलं, वाकले. खर्र. परत तिला दिलं. नाही. बाजारात बाई दोन पापलेटं समोरासमोर धरून बघते तशी सासू माझ्याकडे बघायला लागली, मग स्वतःकडे, मग माझ्याकडे. तिच्या गळ्यात काही नव्हतं. सासरे जाऊन वर्षं झाली होती. मग ती पुढे आली, दोन बोटांनी माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या धरल्या आणि डबीवरून वर उचलल्या.

मुंबई बंद झाली.

खरं सांगते, एकदम बंद. माझ्या मागे मुलगी बसून टोस्ट खात होती, त्याचा करकर आवाज आला. मी वळले. सासूने वाट्या सोडल्या, मुंबई सुरू. उचलल्या, बंद. सासूला इतकी मजा वाटली की ती कितीतरी वेळ वाट्या वरखाली करत हसत बसली, आणि मी पण हसत होते आणि रडत पण होते. म्हणजे माझंच मंगळसूत्र डबीवर घासत होतं आणि मी अख्ख्या शहराची दया करत होते.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो सहज म्हणाला, "मग घरात काढून ठेव ना. काय होतंय?"

सासू भाकरी मोडत होती, ती तशीच थांबली. "दिवसभर त्या लेथाखाली बोटा घालतंस आणि हिका सांगतंस काढ? माझा मी काढलंय तेवढा पुरे झाला." मी तर काढणारच नव्हते, त्याने सांगितलं तरी. मला भीती वाटते.

मग आधी मंगळसूत्र मागे पाठीवर टाकून बघितलं. वाकले की सरकून पुढे यायचं आणि गळा आवळायचा. मग आत घातलं तर मणी खिशाला घासायचे. वहिनी म्हणाल्या वाट्यांना कापूस गुंडाळ, गुंडाळला, तर मुलीने तो ओढून तोंडात घातला. मग सासूनेच सुई-दोरा घेतला. माझ्या ब्लाऊजचा पुढचा खिसा उसवला आणि पाठीवर शिवला, उजव्या खांद्याच्या मागे, कारण पदर डावीकडून जातो. मशीन पाठीवर गेलं, वायर मानेवरून कानात. लावून बघितलं, खर्र नाही, पण सर्र सर्र यायला लागलं. सासूने मागे जाऊन बघितलं तर माझी वेणी. मग अंबाडा घातला. सर्र पण गेलं.

तेव्हापासून माझा कान पाठीवर झाला आणि सगळी चाळ माझ्या मागे जाऊन बोलायला लागली. मी कोणाशी बोलायचं तर त्याच्याकडे पाठ करायचे. नवरा कामावरून आला की आधी माझ्या मागे जाऊन विचारायचा, जेवायला काय आहे. दूधवाल्याकडे पण मी पाठच करायचे, आणि सासूला ते फार पटलं.

गावाला निघायच्या दिवशी एसटी संध्याकाळची होती. मी सकाळपासून सासूला वाटेत खायला घावणे करत होते, स्टोकडे तोंड, खोलीकडे पाठ. पिशवी भरलेली, त्यात ते दोन फ्रॉक होते की नव्हते ते बघायची माझी हिंमत नव्हती. दोन घावणे तुटले. आणि मागून सासूचा आवाज आला, बारीक, आजीबरोबर चल म्हणून मुलीच्या कानात सांगत होती.

"चल गो माझ्या बाय. आजयेवांगडा येतलंस ना? तुझी आवस भैरी. तिका काय कळाचा नाय."

मी वळले नाही. घावणा उलटला आणि म्हटलं, "आवशीला कळलं. आणि पोरीच्या तोंडात ते काय आहे ते पण काढा आधी, खडखडतंय."

खरंच बटण होतं. सासूच्याच पिशवीचं. सासूने बोट घालून काढलं. मग पिशवीची कडी उघडल्याचा आवाज, आणि फळीवर काहीतरी मऊ ठेवल्याचा. मी तेव्हा वळून बघितलं. फ्रॉक फळीवर होते, घडी करून.

"चेडू ऱ्हवांदे हय," ती म्हणाली. "मशीन दी माका. पंधरा दिवसांनी आणून देतंय."

मी म्हटलं, "मशीन कशाला?"

"गावाक भजनात बुवा काय म्हणता ता चार वर्षां माका कळाक नाय. आणि माझी जाव माझ्यामागे काय उलयता ता पण माका आयकाचा आसा."

मी म्हटलं, "आई, ते माझ्या कानाच्या मापाचं आहे."

"मी बोट लावन धरीन."

"नाही म्हटलं ना."

तीन वर्षांत मी तिला पहिल्यांदा नाही म्हटलं. ती उठली, पिशवी उचलली, मुलीचा पापा घेतला, मग माझ्या मागे येऊन उभी राहिली, डबीच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि मालवणीत मला अशी एक शिवी दिली की ती इथे लिहिता येणार नाही. स्वच्छ ऐकू आली. मी पदराने डोळे पुसले आणि तिला म्हटलं, "तुम्ही आल्यावर जाऊ घाटकोपरला, तुमचं माप घ्यायला."

ती दारात थांबली.

"तो बटण दाबता तेव्हा खयचो खांदो वर जाता म्हणालंस?"

"उजवा," मी म्हटलं.